इलेक्ट्रोलाइट सुरू केल्यापासून घोडीची लीद बिघडली: दोष पावडरीचा की पाण्याचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ वर्षांची घोडी, वजन अंदाजे ४२० किलो, आठवड्यातून पाच दिवस तासभर रपेट. उन्हाळ्यात घाम फार येऊ लागला म्हणून इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे घामातून जाणाऱ्या क्षारांची, पावडर सुरू केली: रोज सकाळी ६० ग्रॅम, पाण्याच्या बादलीत ढवळून, वैरण टाकायच्या आधी. पहिले तीन-चार दिवस लीद कोरडी, बारीक गोळ्यांची. मग लिदेच्या आधी किंवा नंतर नुसत्या पाण्याची पिचकारी. दाणा अर्धवट सोडते, तंग (खोगिराचा पट्टा) आवळताना कान मागे टाकते, दात खाते. पावडर बंद करावी का? इलेक्ट्रोलाइटने घोड्याचं पचन बिघडतं हे खरं का? आणि जाता जाता, माणसांची ओआरएसची पुडी चालेल का?

उत्तर आधी देतो. पावडर बहुधा निर्दोष आहे, देण्याची तऱ्हा चुकली आहे. आज संध्याकाळपासून बादलीत काहीही ढवळू नका. बादली स्वच्छ घासा आणि साधं पाणी भरून ठेवा. पहिले दोन दिवस घोडीला भरपूर वैरण आणि साधं पाणी, एवढंच द्या, रपेट हलकी ठेवा किंवा नकोच. पुढचं सगळं समजायला थोडं घोड्याच्या पोटात शिरावं लागेल.

घोड्याचं मोठं आतडं ही पाण्याची टाकी आहे, ही गोष्ट घोडा पाळणाऱ्यांना फारशी कुणी सांगत नाही. आपण त्याला फक्त वैरण कुजवण्याचं, म्हणजे आंबवण्याचं ठिकाण समजतो. अंधांत्रात, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, ३० लिटरच्या आसपास ऐवज मावतो आणि त्यापुढच्या मोठ्या आतड्यात त्याच्या दुपटीहून जास्त. हा सगळा ऐवज म्हणजे चोथा भिजवून ठेवलेला पातळ काला. त्यात पाणी आहे, सोडियम आहे, पोटॅशियम आहे, क्लोराइड आहे. घोडा तासन्‌तास घाम गाळतो तेव्हा रक्तातलं कमी झालेलं पाणी आणि क्षार याच टाकीतून हळूहळू भरून निघतात. म्हणूनच भरपूर गवत खाणारा घोडा नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या घोड्यापेक्षा लांबच्या पल्ल्याला टिकतो. गवताचा चोथा पाणी धरून ठेवतो, दाणा धरत नाही.

याचा अर्थ असा की इलेक्ट्रोलाइट आणि पचन हे दोन वेगळे विषय नाहीतच. टाकी एकच आहे. तिच्यातून घाम जातो आणि तिच्यातच लीद तयार होते. वरून उपसा वाढला आणि भरणा झाला नाही, तर गाळ घट्ट होणारच.

आता घामाकडे या. रपेटीनंतर खोगीर काढल्यावर घोडीच्या मानेवर लगामाखाली आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला जो पांढरा फेस दिसतो, तो बोटावर घेऊन पाहा, साबणासारखा चिकट लागतो. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा हा फेस. त्याच्यामुळे घाम केसांवरून पसरतो आणि लवकर उडतो. वाळल्यावर नखाने खरवडलं तर पांढरी पूड निघते, ते मीठ. माणसाच्या घामापेक्षा घोड्याचा घाम कितीतरी खारट असतो, लिटरमागे अंदाजे ३ ते ३.५ ग्रॅम सोडियम, ५ ते ६ ग्रॅम क्लोराइड आणि दीड ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यामानाने चिमूटभर. आणि दमट उकाड्यात जोरात पळणारा मोठा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. तुमच्या घोडीचं काम त्या मानाचं नाही, पण हिशेब कुठून सुरू होतो हे कळावं म्हणून सांगितलं.

या खारट घामात एक गोम आहे. माणसाचा घाम पातळ असतो, त्यामुळे आपल्या अंगातून पाणी जास्त आणि मीठ कमी जातं, रक्त दाट आणि खारट होतं, मेंदूला ते लगेच कळतं आणि घसा कोरडा पडतो. घोड्याच्या अंगातून पाणी आणि मीठ जवळपास रक्ताच्याच प्रमाणात जातात. रक्ताचा खारटपणा फारसा बदलत नाही. मग तहानेची घंटा वाजणार कशी? घोडा ओलाचिंब उभा असतो, अंगातून वीस लिटर पाणी गेलेलं असतं, आणि बादलीला तोंड लावत नाही. मोतद्दार म्हणतो, ‘तहान नसेल त्याला.’ तहान नाही हे खरं, पण ती नसणं हाच आजार.

इथे मीठ कामाला येतं. घोड्याच्या पोटात मीठ गेलं की रक्त किंचित खारट होतं, घंटा वाजते, तो पाणी पितो आणि प्यालेलं पाणी अंगात राहतं. नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्त पातळ होतं, तहान अर्ध्यातच विझते आणि बरंचसं पाणी लघवीवाटे निघून जातं. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो की इलेक्ट्रोलाइट म्हणजे पाणी नव्हे, पाण्याला धाडलेलं आमंत्रण आहे. पाहुणा आल्यावर दारात पाणीच नसेल तर आमंत्रणाने नुकसान होतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

घोडीसमोर एकच बादली होती आणि ती खारट होती. घोडे पाण्याच्या चवीबद्दल अतिशय चोखंदळ असतात. काही घोडे परक्या गावचं पाणीही दोन दिवस नाकारतात. तिने ओठ बुडवले, चव आवडली नाही, जेमतेम गरजेपुरतं प्यायली. म्हणजे पाणी वाढवायला दिलेल्या पावडरीने पाणी कमी केलं. शरीराने काय केलं? पाणी आणि सोडियम कमी पडतंय असं दिसलं की मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सुटतं. ते मूत्रपिंडाला तर सांगतंच की सोडियम वाया घालवू नकोस, पण मोठ्या आतड्यालाही तेच सांगतं. आतडं काल्यातलं सोडियम शोषून घेतं आणि सोडियममागे पाणी जातं. गाळ सुकतो. तुमच्या पहिल्या तीन-चार दिवसांतल्या कोरड्या गोळ्या त्या अशा. ही पायरी दुर्लक्षित राहिली तर पुढची पायरी म्हणजे मोठ्या आतड्याच्या ओटीपोटाकडच्या वळणावर लीद अडकणं. तिथे आतडं एकदम अरुंद होतं आणि उलटं वळतं, आणि पोटशूळाच्या किती घोड्यांना मी तिथेच अडकलेलं पाहिलंय त्याची मोजदाद नाही.

मग नंतरची पिचकारी कुठून आली? घोडीचं खाणं कमी झालं, चोथा कमी झाला, आणि पाणी धरून ठेवणारं काही राहिलं नाही. त्यात सकाळी रिकाम्या पोटी एकदम क्षारांचा मारा. दाट क्षार आतड्यात उतरले की ते आजूबाजूच्या रक्तातून पाणी ओढतात. पावडरीत मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतील तर रेचकासारखा परिणाम आणखी वाढतो, ते डब्यावर वाचा. लीद आकाराला बरी आणि पाणी वेगळं, असं चित्र असेल आणि ताप नसेल, तर घाबरू नका. पण लीदच पाण्यासारखी पातळ झाली, ताप आला, घोडी मलूल झाली, तर ते प्रकरण वेगळं. तिथे घरच्या पावडरी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर बोलवायचा.

तंग आवळताना कान मागे आणि दात खाणं, याची मला जास्त काळजी वाटते. ही दोन लक्षणं जठराकडे बोट दाखवतात. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास झिरपत राहतं, घोडा खात असो वा नसो. आम्ल मारणारी लाळ मात्र फक्त चावतानाच सुटते. वैरण चघळणारा घोडा दिवसाला ३५-४० लिटर लाळ गिळतो. न चघळणाऱ्याच्या जठरात आम्ल उघडं पडतं. त्यात जठराच्या वरच्या भागाला आतून श्लेष्माचं संरक्षक अस्तर नसतं. तिथे रिकाम्या पोटी दाट क्षार ओतणं म्हणजे जखमेवर मीठ, अगदी शब्दशः. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घोड्यांना तासातासाला दाट इलेक्ट्रोलाइट असं आठ वेळा दिलं आणि आधी-नंतर दुर्बिणीने जठर पाहिलं. व्रणांची संख्या आणि तीव्रता दोन्ही वाढली होती. तुमचा डोस तेवढा नाही, रोज एकदाच आहे. पण आधीपासून व्रण असलेल्या घोडीला तेवढंही पुरतं. पंधरा दिवसांत तंगाची तक्रार गेली नाही तर दुर्बिणीने तपासून घ्या. अंदाजाने आम्लनाशक सुरू करू नका.

या बाबतीत मी स्वतः शहाणा झालो तो चूक करूनच. नवा डॉक्टर होतो, लांब पल्ल्याच्या एका शर्यतीत विश्रांतीच्या तळावर घोडे तपासत होतो. एक लालसर खच्ची घोडा आला. नाडी वेळेत उतरली, चालही साफ. पण स्टेथोस्कोप लावला तर पोटाच्या चार बाजूंपैकी दोन बाजू जवळजवळ गप्प. निरोगी घोड्याच्या उजव्या कुशीला कान लावला तर दर एक-दोन मिनिटांनी लांबून पाण्याचा लोंढा यावा तसा आवाज येतो, तो आलाच नाही. पाणी पुढे केलं तर घोड्याने नाक फिरवलं. मला वाटलं, घाम गेलाय, क्षार द्या. पिचकारीतली पेस्ट जिभेच्या मागे सोडली, वर आणखी एक. मालक खूश, मी खूश. वीस मिनिटांनी घोड्याने वरचा ओठ वर वळवला, कुशीकडे पाहिलं, पुढच्या खुराने जमीन उकरू लागला. नाकातून नळी घातली तर चार-पाच लिटर खारट पाणी उलट आलं. आतडं थकून बंद पडलेलं, आणि मी वर मीठ टाकलेलं. मिठाने आधीच कोरड्या रक्तातलं उरलंसुरलं पाणी जठरात ओढलं आणि पुढे सरकायला वाट नाही. घोड्याला उलटी करता येत नाही हे लक्षात घ्या, नळी वेळेत गेली नसती तर जठर फुटायची भीती. मग शिरेतून सलाइन लावलं, घोडा वाचला, त्या दिवशीची धाव अर्थातच संपली.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. घोडा पाणी पीत असेल आणि पोट बोलत असेल तरच तोंडाने क्षार. पोट गप्प असेल तर सावली, हळू चालवणं, अंगावर पाणी, ओलं गवत पुढे धरणं, आणि थांबणं. पेस्टला अशा वेळी हात लावू नका.

आता डबा हातात घ्या आणि मागचं बारीक वाचा. पहिला घटक साखर किंवा डेक्स्ट्रोज असेल तर तुम्ही ६० ग्रॅम क्षार देत नव्हता, गोड पूड देत होता. चवीपुरती साखर ठीक आहे, पण घामात जे गेलं तेच परत द्यायचं तर मीठच मुख्य हवं: क्लोराइड सर्वांत जास्त, मग सोडियम, मग पोटॅशियम. दुसरं पाहायचं ते खायच्या सोड्याचं नाव, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. खूप घाम गाळलेल्या घोड्याच्या अंगातून क्लोराइड जास्त गेल्यामुळे रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं. त्यावर सोडा म्हणजे आगीत तेल. असा घोडा कधी कधी उचकी लागल्यासारखा कुशीत धडधडतो, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर. कॅल्शियम, क्लोराइड, पोटॅशियम सगळं घसरल्याची ती खूण. उलट अतिसार झालेल्या घोड्याच्या लिदेतून बायकार्बोनेट वाहून जातं, रक्त आम्लाकडे झुकतं, तिथे सोडा असलेलं मिश्रण चालतं. एकच डबा दोन्ही कामांना वापरणारे पाहतो तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो.

तुमच्या घोडीचा हिशेब करू. काम न करणाऱ्या घोड्याला दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम सोडियम रोज लागतं. ४२० किलोला ८.४ ग्रॅम, म्हणजे साधारण २१ ग्रॅम साधं मीठ. मिठात सोडियम चाळीस टक्क्यांच्या आत असतं, म्हणून आकडा वाढतो. तुमच्या तासाभराच्या रपेटीत खोगिराखालचा भाग आणि मान ओली होत असेल तर तीनेक लिटर घाम धरा. त्याचं सोडियम ९-१० ग्रॅम, म्हणजे आणखी २५ ग्रॅम मीठ. एकूण रोज ४५ ग्रॅमच्या आसपास. दाण्याच्या तयार मिश्रणात मीठ असेल तर तेवढं वजा करा. पोटॅशियमची चिंता नको. घोडी दिवसाला ८ किलो सुकं गवत खात असेल तर त्यातून १०० ग्रॅमहून जास्त पोटॅशियम मिळतं आणि तिची रोजची गरज २१ ग्रॅमची आहे. गवतात कमतरता असते ती सोडियमची. रोजच्या कामाच्या घोड्याला साधं मीठच पुरतं, डब्याची गरज घामाने निथळणाऱ्या दिवसांपुरती.

हे मीठ ओल्या दाण्यात किंवा भिजवलेल्या चोथ्यात मिसळून, दोन किंवा तीन वेळा वाटून, आणि आधी अर्धा तास वैरण चघळून झाल्यावर द्या. सुरुवात १० ग्रॅमने करा आणि आठवडाभरात वाढवत न्या. चमच्याने मोजू नका, एकदा काट्यावर तोलून कोणत्या चमच्यात किती मावतं ते पाहून ठेवा, कारण बारीक आणि जाड मिठाच्या वजनात बराच फरक पडतो. मिठाचा गोळा टांगलेला असेल तर राहू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ते गोळे खरबरीत जिभेच्या गुरांसाठी बनलेले. घोड्याची जीभ मऊ, काही घोडे कंटाळून दाताने कुरतडतात, काही महिनोन्‌महिने शिवतही नाहीत.

आज जास्त दिलं तर उद्याच्या रपेटीला साठेल असं समजू नका. सोडियम अंगात साठत नाही. जास्तीचं काही तासांत लघवीवाटे जातं, आणि त्यासाठी आणखी पाणी लागतं. मोठ्या कामाआधी द्यायचंच तर दोन-चार तास आधी, वैरणीसोबत आणि भरपूर पाण्यासोबत, म्हणजे ते मोठ्या आतड्याच्या टाकीत पोचलेलं असेल.

पाण्याबद्दल. दोन बादल्या ठेवा, एक नेहमी साधी. ४२० किलोची घोडी सुक्या वैरणीवर, काम नसताना, २० ते २५ लिटर पिते, उकाड्यात काम असेल तर ४० लिटरच्या आसपास. किती कमी झालं हे बादलीच्या आत खुणा करून रोज मोजा. यापेक्षा जास्त काही सांगणारी तपासणी मला माहीत नाही. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, ती किती वेळात बसते ते पाहायचं, हा प्रकार फारसा भरवशाचा नाही. म्हाताऱ्या आणि बारीक घोड्यांची कातडी मुळातच सैल असते. हिरड्यांवर बोट दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे, हिरडी ओलसर लागली पाहिजे.

खूप घाम गेलेल्या घोड्याला पहिली बादली खारट देण्याचा एक चांगला प्रघात आहे: १० लिटर कोमट पाण्यात ९० ग्रॅम मीठ, आणि ती संपली की लगेच साधं पाणी. खारट पाण्याने सुरुवात केलेले घोडे एकूण जास्त पाणी पितात आणि ते टिकवतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण हे पाणी त्यांना आधी आरामाच्या दिवसांत शिकवावं लागतं. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा पुढे केलं तर नाकारतील. आणि रपेटीनंतर बर्फगार पाण्यापेक्षा साधारण २० अंशांचं पाणी घोडे आवडीने पितात.

क्षार योग्य प्रमाणात आणि पाण्यात पातळ करून दिले तर आतड्याचं किती भलं होतं हे अडकलेल्या लिदेच्या उपचारात दिसतं. आम्ही नाकातून नळी घालून ५ लिटर पाणी थेट जठरात सोडतो, अर्ध्या तासाने पुन्हा. नुसतं पाणी दिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. म्हणून लिटरमागे ५.२७ ग्रॅम मीठ, ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि ३.७८ ग्रॅम खायचा सोडा, असं रक्ताच्या तोलाचं द्रावण करतो. शिरेतून दिलेल्या सलाइनपेक्षा हे पाणी आतड्यातल्या गाळापर्यंत जास्त चांगलं पोचतं. हे घरी करून पाहायचं काम नाही. नळी श्वासनळीत गेली तर घोडा जाईल. पण त्या द्रावणात क्षार एकूण किती पातळ आहेत हे पाहा: लिटरमागे १० ग्रॅमच्याही आत. तुमच्या पावडरीचे ६० ग्रॅम किती पाण्यात पडायला हवे होते, याचा अंदाज त्यावरून येईल.

काही घोड्यांना मात्र हे सगळं लागू नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर रक्ततपासणीशिवाय काहीच नको. इम्प्रेसिव्ह नावाच्या क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्याच्या वंशातल्या काही घोड्यांना पोटॅशियम वाढलं की स्नायू थरथरून ते कोसळतात, त्यांना पोटॅशियमचं मिश्रण देऊ नये.

थंडीत मीठ बंद करू नका हेही सांगून ठेवतो. पाणी गारठलं की घोडे कमी पितात, हिरवा चारा कमी होऊन सुकी वैरण वाढते, आणि लीद अडकल्याचे फोन तेव्हाच वाढतात.

घोडीने बारा तास लीद टाकली नाही, लोळली, वारंवार कुशीकडे पाहू लागली, किंवा आरामात नाडी मिनिटाला ६० च्या वर गेली, तर वाट पाहू नका. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी २८ ते ४४ असते. जबड्याखालच्या रक्तवाहिनीवर बोट ठेवून ती मोजायला आजच शिकून घ्या, घोडी बरी असताना.

शेवटी तुम्ही विचारलेला जोडप्रश्न, माणसांची ओआरएसची पुडी चालेल का. अपाय नाही, पण उपयोगही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं. अतिसार झालेल्या माणसाच्या आतड्यातून सोडियम आत ओढण्यासाठी ते ग्लुकोज आहे. तुमच्या घोडीच्या तासाभराच्या घामाचं मीठ भरून काढायचं तर अशा दहा पुड्या फोडाव्या लागतील, आणि त्यांच्यासोबत १३५ ग्रॅम ग्लुकोज पोटात जाईल. त्यापेक्षा मिठाचा डबा उघडा.